बातमीवर पळणारा गडी

बार्शीटाकळीच्या सूर्यभान माळ्याच्या छातीत किती दम मावतो, हे गावाच्या आधी बैलांना कळलं होतं. मोटेचे बैल विहिरीच्या धावेवरून उतरायला लागले की त्याच्या तोंडून एक लांब हाळी निघे. बैल धावेच्या टोकाला पोचत, मोट पाटात रिकामी होई, बैल मागे सरत सरत पुन्हा विहिरीच्या काठाशी येत, आणि हाळी अजून चालूच असे. शेजारच्या मळ्यातले नत्थुजी म्हणत, "या पोट्ट्याले श्वास घ्याची सवय नाई काय?"

त्याची आई मैनाबाई वांगी तोडता तोडता उत्तर देई, "बाप दम्यानं गेला न जी त्याचा. बापाच्या वाट्याचा राहिलेला सगया दम यानंच घेतला."

बाप गेल्यावर घरात हे दोघंच उरले. आई टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसे, मुलगा दिवसभर मळ्यात बैलांशी बोले. बैल ऐकत असत, पण उलट काही बोलत नसत. विशी गाठली तरी सूर्यभानाला 'अबे' म्हणून हाक मारणारा बरोबरीचा कुणी नव्हता. गावात ज्याला कुणी शिवीसुद्धा देत नाही तो किती एकटा असतो, हे गावात तारुण्य काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या वर्षांत अमेरिकेतले लोक आपसांत लढत होते, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. ही लढाई कशासाठी चालली आहे ते वऱ्हाडात कुणाला ठाऊक नव्हतं. ती अशीच चालू राहावी म्हणून बार्शीटाकळीत एकदा मारुतीला अभिषेक झाला, असं मात्र सांगतात. गाड्यांच्या चाकांना चांदीची पट्टी आली, बैलांच्या अंगावर रेशमी झुली आल्या, आणि ज्यांना कालपर्यंत बाप वावरातून हलू देत नव्हते ते तरणे गडी कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याच्या बाजारात आठ-आठ दिवस मुक्काम करू लागले.

बाजारात गाड्यांची रांग इतकी लांब असे, की आपला नंबर लागेपर्यंत करायला काही नसे. पोरांनी त्यावर हुतुतू काढला. जमिनीवर सांडलेल्या कापसाचा थर असे, त्यामुळे पडलं तरी हाड मोडत नसे. राखेने मधली रेषा ओढायची आणि गावोगावच्या गाडीवानांनी एकमेकांना ओढायचं, पाडायचं, बाद करायचं. दलाल गाद्यांवर बसून पाहत आणि जिंकणाऱ्या गावाला काहीबाही इनाम देत. बार्शीटाकळीचा म्होरक्या उत्तमराव होता. गावातल्या सर्वांत मोठ्या कास्तकाराचा मुलगा. स्वतः बेताचाच खेळे, पण कुणी खेळायचं आणि कुणी नाही हे तो ठरवी. त्याने आपल्या गड्यांना एका रंगाची लाल पागोटी घेऊन दिली होती. पागोटंवाले पुढच्या गाडीवर बसत, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत, आणि बाजारातून चालताना मुद्दाम आडवी रांग करून चालत.

सूर्यभान त्यांच्यात आला तो गाडी हाकायला. उत्तमरावाचा एक गाडीवान तापाने पडला होता, म्हणून मागची गाडी त्याच्याकडे दिली. अकोल्याला पोचल्यावर एका गड्याचा पाय मुरगळला आणि डावाला माणूस कमी पडला. उत्तमरावाची नजर गाडीखाली बसून भाकर खाणाऱ्या सूर्यभानावर गेली.

"ए माळ्या, हुतुतू येते काय?"

"दम हाय माह्याजवय."

"दम तं कुत्र्याजवयबी असते. खेयता येते काय?"

"खेयलो नाई कधी."

"कोणासंगं खेयन तो?" गोवर्धन म्हणाला. गोवर्धन हा उत्तमरावाचा उजवा हात. अंगाने काटकुळा, जिभेने नव्हे. "मोटीच्या बैलासंगं?"

पहिल्या खेपेला सूर्यभान रेषेपलीकडे गेला आणि गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदारासारखा उभा राहिला. तोंडाने हुतुतू चालू होतं, अखंड. हात मात्र कुणाला लागला नाही. समोर तेल्हाऱ्याचे गडी होते. त्यांचा पकडणारा खुशालराव, जाड मानेचा, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "म्हण बापा, म्हण. आमी सांजवरी आहोत अठीच." सूर्यभान सबंध दम घेऊन जसा गेला तसा परत आला. पोरं हसून हसून कापसावर लोळली.

दुसऱ्या खेपेच्या आधी गोवर्धन त्याच्या कानाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "सूर्या, सांगू का नको असं झालं मले. निंघालो तवा आयकलं. तुही माय बाजारात बसली होती न, तिची टोपली कोण्या शिपायानं लाथेनं उडवली. वांगे नालीत गेले. उचलाले वाकली तं तिच्या थोबाडीत मारली म्हणते."

"कोण?"

"तेल्हाऱ्याकडचाच होता म्हणते."

सूर्यभान गेला. काय झालं ते पाहणाऱ्यांना नीट सांगता आलं नाही. खुशालरावाने त्याची कंबर धरली होती एवढं खरं, पण सूर्यभान त्याला तसाच ओढत रेषेवर घेऊन आला आणि येताना आणखी तिघांना हात लावून आला. हुतुतू तुटलं नाही. अलीकडे आल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली, "कोण शिपाई?"

"अबे, कोणी नाई," गोवर्धन म्हणाला. "तुही माय बसली असंन घरी मजेत. थाप मारली."

सूर्यभानाची मूठ वर गेली होती. तेवढ्यात कुणीतरी मागून त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "भल्या! काय पोट्टा हाय बे हा!" दुसऱ्याने मान पकडून हलवली. उत्तमराव स्वतः उठून आला. सूर्यभान त्या सगळ्या हातांच्या मध्ये उभा राहिला, मग मूठ उघडली आणि तोही हसला. त्या मित्रमंडळींवर ती मूठ पुन्हा कधी मिटली नाही.

त्या दिवसापासून रीत पडली. सूर्यभान आपणहून खेळत नाही, त्याला बातमी लागते, हे सर्वांना कळलं. त्या हंगामात मैनाबाई अकोल्याच्या मैदानावर दोनदा विहिरीत पडली, एकदा तिला साप डसला, एकदा रोहिल्याच्या घोड्याखाली आली, आणि तिच्या चारित्र्याविषयी जे काय बोललं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. घरी ती वांगी तोडत होती.

सूर्यभानाला या बातम्या खोट्या आहेत हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या वेळीच कळलं होतं. तरी रेषेवर उभं राहून ते ऐकलं की त्याच्या छातीत काहीतरी पेटे, आणि ते निव्वळ रागाने पेटत नसे. कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की पुढच्या गाडीवर चर्चा चाले, "या डावाले सूर्याले काय सांगायचं?" तो मागच्या गाडीवर कापसाच्या ढिगाऱ्यावर डोळे मिटून पडे आणि ऐकत राही. आपल्यासाठी कुणी एवढं डोकं चालवतं, ही गोष्ट त्याला नवी होती. गोवर्धन त्याला विचारी: मायच्या कोणत्या गुडघ्यात वात आहे, ती धुणं धुवायला कोणत्या काठावर जाते, रात्री घाबरते काय. आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो सर्व सांगे, वर न विचारलेलंही सांगे.

घरी आल्यावर आईलाही सांगे. "माय, गोवर्धन तुह्या गुडघ्याचं इचारत होता."

"माह्या गुडघ्याचं?" मैनाबाईला ते फार लागलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. "मोठ्या घरचे पोट्टे असून कशी चौकशी करतात पाह्य. चांगले पोट्टे हायेत." पुढच्या खेपेला तिने वांग्याचं भरीत करून, भाकरी बांधून सर्वांसाठी दिली. पोरांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि त्याच दुपारी तिला पुन्हा विहिरीत ढकललं.

"पण तुले पागोटं कवा देतात रे?" ती विचारी.

"येत्या डावाले म्हणते उत्तमभाऊ."

येता डाव येई आणि जाई. खेळून झालं की पागोटंवाले पुढच्या गाडीवर चढत, सूर्यभान मागच्या. पाठीतले गुद्दे मैदानापुरते असत. उत्तमरावाचं म्हणणं असं, की पागोटं दिलं तर याची भूक जाईल. माणसं हाताळायची त्याला उपजतच समज होती. पुढे तो गावाचा मोठा माणूस झाला यात नवल नाही. त्याच्या बाकीच्या गड्यांचाही खेळ त्या वर्षी सुधारला. त्यांना बातमी लागत नव्हती. आपण सूर्यभान नाही, आणि नीट खेळलो नाही तर होऊ शकतो, एवढं त्यांना पुरे होतं.

होळी झाल्यावर हंगामाचा शेवटचा डाव ठरला, पुन्हा तेल्हाऱ्याशी. अकोल्यातल्या एका दलालाने चांदीचं कडं लावलं होतं. निघताना उत्तमरावाने नवं लाल पागोटं सर्वांसमोर गाडीत ठेवलं आणि सूर्यभानाला म्हणाला, "हे तुहं. आज जिकून दे अन् बांध."

सूर्यभान ते पागोटं हाताने चाचपून आला.

डावाच्या दिवशी सकाळी तो मोर्णा नदीवर बैल पाजायला गेला असताना नत्थुजी बाजाराच्या फाटकाशी आले. त्यांची भाजीची गाडी मागे उभी होती. त्यांना गोवर्धन भेटला.

"सूर्या कुठी हाय? त्याले आत्ताच्या आत्ता धाड. मैनाबाईले पटकी झाली. रातीपासून उलट्या होऊन राहिल्या, डोये खोल गेले. आमची पार्बता जवय बसली हाय. निंघाला तं तोंड पाहून होईन."

"धाडतो जी," गोवर्धन म्हणाला.

नत्थुजींनी मान हलवली आणि गाडी भाजीबाजाराकडे वळवली. मेथी कोमेजायला लागली होती. भाजीला थांबता येत नाही, हे माळ्याला कळतं. मैनाबाईनेही त्यांना नावं ठेवली नसती.

गोवर्धन उत्तमरावाकडे गेला. उत्तमराव बैलगाडीच्या जुवावर बसून दातण करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"खरंच हाय?"

"नत्थुजी खोटं कायले बोलतीन?"

"मंग सांगा लागन त्याले."

"सांगा लागन."

"आता सांगशील तं आताच जाईन."

"जाईन."

उत्तमराव थुंकला. "लपवू नको," तो म्हणाला. "मायबापाची गोष्ट हाय, पाप लागते. सांग. पण रेषेवर सांग. रोज सांगतं तसं. जे नत्थुजी बोलले ते जसंच्या तसं सांग, कमी नाई अन् जास्त नाई. मंग त्याचं तो पाहीन."

गोवर्धनाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्या दिवसासाठी त्याला काही सुचतच नव्हतं.

डाव सुरू झाला. बार्शीटाकळीचे निम्मे गडी लवकरच बाहेर बसले आणि सूर्यभानाची पाळी आली. तो रेषेवर आला, मांड्या थोपटल्या, आणि नेहमीसारखा गोवर्धनाकडे कान करून उभा राहिला. डोळ्यांत चक्क कौतुक होतं. आज काय आणलं असेल?

गोवर्धन म्हणाला, "सूर्या, तुह्या मायले पटकी झाली. रातीपासून उलट्या होऊन राहिल्या. डोये खोल गेले. नत्थुजी सांगून गेले. आत्ताच्या आत्ता निंघ म्हणे, तं तोंड पाहून होईन."

सूर्यभानाने त्याच्याकडे पाहिलं. मग हसला. "नत्थुजीले कायले आणलं बे मंधात? आज लय मेहनत घेतली राजा."

"खरं सांगून राहिलो."

"रोजच तं खरं सांगतं तू," सूर्यभान म्हणाला, आणि श्वास भरून गेला.

मैनाबाईविषयी त्या मैदानावर हंगामभर जे बोललं गेलं त्यात तेवढंच एक खरं होतं. ऐकणाऱ्याने ते मानलं नाही. त्याच्या छातीला काहीतरी कळलं असावं, कारण असा खेळ त्याने आधी केला नव्हता आणि पुढेही केला नाही. तेल्हाऱ्याचे गडी एकेक करून बसले. खुशालराव शेवटी त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारून पडला, आणि सूर्यभान त्याच्यासकट सरपटत, कापसात दोन चर पाडत, रेषेला बोटं लावून आला. दलाल उभे राहिले. खुशालराव तोंडातला कापूस थुंकत म्हणाला, "हा माणूस नाई बापा, मोट हाय."

उत्तमरावाने आपल्या हाताने त्याला पागोटं बांधलं. सर्वांनी मिळून त्याला उचललं, जिलबी आणली, त्याच्या तोंडात कोंबली. ऊन कलायला लागलं होतं. सूर्यभान पहिल्यांदाच पुढच्या गाडीवर, लाल पागोट्यांच्या मधोमध बसला होता, तेव्हा भाजी विकून नत्थुजी परत जायला निघाले आणि त्यांची गाडी समोरून आली.

"तू अठी?"

"जिकलो नत्थुजी!" सूर्यभानाने पागोट्याला हात लावला.

"तुले कोणी सांगतलं नाई?"

"काय?"

नत्थुजींनी गोवर्धनाकडे बोट केलं. सूर्यभानाने मान वळवून गोवर्धनाकडे पाहिलं.

"म्या सांगतलं," गोवर्धन लगेच म्हणाला. "जसंच्या तसं सांगतलं. सगयायच्या म्होरं."

"सांगतलं, सांगतलं," गाडीवरचे सगळे म्हणाले. "आमी होतो."

सूर्यभान गाडीवरून उतरला आणि पळत सुटला. पागोटं डोक्यावर तसंच होतं. गावाच्या शिवेवर ज्यांनी त्याला पाहिलं ते पुढे सांगत, की एवढं अंतर पळून आला तरी त्याला धाप लागली नव्हती. हे ते नावं ठेवल्यासारखं सांगत.

पटकीचं मढं गावात ठेवत नाहीत. मैनाबाई दुपारीच गेली होती आणि उन्हातच तिला नेलं होतं. अग्नी नत्थुजींच्या भावाने दिला. सूर्यभान पोचला तेव्हा ओढ्याकाठी राख धुमसत होती आणि पार्बताबाई, नत्थुजींची बायको, घराच्या ओट्यावर बसली होती.

"पागोटं काढ बापा," ती म्हणाली.

त्याने काढलं आणि मांडीवर घेऊन बसला.

"तिले म्या सांगतलं होतं, निरोप गेला म्हणून. मंग तिनं तळमय केली नाई. म्हणे, निरोप गेला तं निंघालाच असंन. पोट्टे त्याले गाडीत बसवून देतीन. चांगले पोट्टे हायेत म्हणे." पार्बताबाईने पदराने नाक पुसलं. "दुपारवरी दाराकडं तोंड करून होती. मंग दाराकडं पाहणं सोडलं."

गावात बोलणं झालंच. मारुतीच्या पारावर जाणती माणसं बसली. गोवर्धनाने मारुतीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, की आपण निरोप दिला. लाल पागोटीवाले सगळे साक्षीला होते. उत्तमराव म्हणाला, "आमी लपवलं असन तं आमच्या तोंडात शेण." कुणीही खोटं बोलत नव्हतं. मग सूर्यभानाला विचारलं.

"हो," तो म्हणाला. "सांगतलं त्यानं. खरं सांगून राहिलो असंबी म्हणला."

मग विषयच संपला. आई मरत असताना निरोप मिळूनही जो हुतुतू खेळत राहिला, तो माणूस कसा असेल याविषयी गावाचं एकमत झालं. बाया त्याच्याकडची वांगी घेईनाशा झाल्या. वाटेत दिसला तर म्हातारी माणसं दुसरीकडे पाहत. त्याच्याशी बोलत होते ते फक्त लाल पागोटीवाले. "चालतं बे," ते म्हणत, आणि पाठीत गुद्दा घालत. "होते माणसाच्या हातून." त्यांनी त्याला क्षमा केली होती. तोही त्यांचे उपकार मानत असे, कारण ते सोडून त्याला आता कुणीच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची खबर वऱ्हाडात पोचली. तिचं सुतक मैनाबाईच्या सुतकापेक्षा जास्त दिवस पाळलं गेलं.

तरी कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला डाव ठरला. उत्तमरावाने त्या साली गाड्या अमरावतीच्या बाजारात नेल्या होत्या. तिथल्या एका दलालाने कडं लावलं आणि तेल्हाऱ्यालाही बोलावलं. भाव उतरलेले, घरोघरी बाप चिडलेले. पोरांना कुठेतरी जिंकायला हवंच होतं. आणि पुढच्या गाडीवर जुनी चर्चा सुरू झाली, "सूर्याले काय सांगायचं?"

तेव्हा अडचण ध्यानात आली. सूर्यभानाच्या घरात वाईट बातमी द्यावी असं कुणी उरलं नव्हतं.

"बैलाचं सांगू," एक म्हणाला. "मोटीचा बैल मेला म्हणू."

"बैल गाडीलेच जुपला हाय त्याचा, गाढवा."

"मया जयला म्हणू?"

"जयू दे म्हणन. वांगे कोण घेते त्याचे?"

मागच्या गाडीवर सूर्यभान डोळे मिटून ऐकत होता. त्यालाही काही सुचत नव्हतं. पागोटं त्याच्या डोक्यावर होतं, पण पुढच्या गाडीवर जागा नव्हती, असं ठरलं होतं.

वर्धा नदीच्या वाळूत रेषा ओढली. बैलाची बातमी पहिल्या खेपेला देऊन पाहिली, मळ्याची दुसऱ्या खेपेला. सूर्यभानाने दोन्ही नीट ऐकून घेतल्या, मान हलवली, जाऊन आला. हात कुणाला लागला नाही. त्याचा दम तेवढाच मोठा होता, पण आपण त्याचं काय करायचं हे तो विसरल्यासारखा दिसे. शेवटच्या खेपेला बार्शीटाकळीचा तो एकटाच उरला. रेषेवर तो थांबला आणि गोवर्धनाकडे कान केला. गोवर्धनाजवळ काही नव्हतं. "जाय," तो म्हणाला.

सूर्यभान गेला. हुतुतू, हुतुतू. खुशालराव सरकत सरकत बाजूने येत होता. सूर्यभान उभाच. मागून पोरं ओरडत होती, उत्तमरावाने आईबहिणीवरून एक शिवी हासडली, आणि गोवर्धनाच्या तोंडून, हंगामभराच्या सवयीने, निघून गेलं, "सूर्या! अबे तुही माय—"

सूर्यभान वळला. शत्रूच्या मैदानात, सर्वांकडे पाठ करून, त्याने हुतुतू थांबवलं आणि विचारलं, "काय झालं तिले?"

मग खुशालराव आला आणि त्याने त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. पकडायची गरज नव्हती. दम तुटला होता.

बार्शीटाकळी हरली. उत्तमराव रेषेवर आला आणि त्याने हात पुढे केला.

"आण."

"काय?"

"पागोटं आण. खेयात बोलते काय कोणी? लहान लेकराले समजते."

सूर्यभानाने पागोटं उतरवून दिलं. "म्या समजलो, काई निरोप आला," तो म्हणाला. यावर पोरं बराच वेळ हसली, आणि परतीच्या वाटेवर जो तो वळून त्याला विचारू लागला, "सूर्या, काय झालं तिले?" पुढे कितीतरी दिवस गावात त्याला याच शब्दांनी हाक मारत. तो 'ओ' देत असे.

कुणालाही वाटेल, की यानंतर तो आपल्या मळ्यात जाऊन बसला असेल. तसं झालं नाही. त्याने मागची गाडी सोडली नाही. पुढच्या हंगामात उत्तमरावाने नवा गडी धरला. वामन नाव, तेल्याचा मुलगा, चपळ, पण बुजरा. लाल पागोटं त्याला दाखवून गाडीत ठेवलं होतं. अकोल्याच्या वाटेवर वामन बैलांना पाणी दाखवायला ओढ्यात उतरला, तेव्हा पुढच्या गाडीवरून गोवर्धनाने विचारलं, "याच्या घरी कोण कोण हाय रे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या पोराशी अजून कुणी बोललंच नव्हतं.

"बहीण हाय," मागच्या गाडीवरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सूर्यभान कापसावर उठून बसला होता.

"मोठी बहीण. पातूरले देली. आता दोन जीवाची हाय. माय लहानपणीच गेली न, यानं तिच्याच हातचं खाल्लं. लय जीव हाय तिच्यावर." तो थांबला. कुणी हसत नव्हतं, म्हणून पुढे म्हणाला, "म्या इचारून ठेवलं. हळूहळू इचारलं. त्याले बरं वाटलं."

उत्तमरावाने गोवर्धनाकडे पाहिलं, गोवर्धनाने उत्तमरावाकडे. मग उत्तमरावाने आपल्या शेजारचं घोंगडं जरा बाजूला सरकवलं.

"ये बे सूर्या. अठी ये, म्होरं."

सूर्यभान उडी मारून उतरला आणि पळत गेला. कापसावर गुडघे मोडून पोरांच्या मधोमध बसला. वामन ओढ्यातून बैल घेऊन वर येत होता.

"मंग पहिल्या डावाले काय सांगायचं?" सूर्यभान आवाज खाली आणून म्हणाला. "एकदम मेली म्हणू नका. पहिले पडली म्हणा."